एका किलोमीटरचे कुंपण

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने शिक्षणहक्काच्या नियमांत एक दुरुस्ती केली. ज्या विनाअनुदानित खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या परिघात शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, त्या खासगी शाळेवर वंचित व दुर्बल घटकांतील बालकांसाठी पंचवीस टक्के जागा राखून ठेवण्याचे बंधन राहणार नाही, असा तिचा आशय होता. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी तिला स्थगिती दिली; १९ जुलै रोजी ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली; आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. न्यायालयातील वाद संपला. परंतु ज्या विचारातून ही दुरुस्ती जन्माला आली, तो विचार संपलेला नाही. कर्नाटकाने याच धर्तीचा नियम आधी केला होता आणि तेथील उच्च न्यायालयाने २०१९ साली तो उचलून धरला होता. हा विचार आज ना उद्या नव्या रूपाने पुन्हा पुढे येईल. त्या वेळी केवळ निकालाचा हवाला देऊन भागणार नाही. विचाराचे उत्तर विचारानेच द्यावे लागेल.

गावाचा नकाशा आणि नियमाचा परीघ

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी हे उदाहरण घेऊ. कधीकाळी ग्रामपंचायतीचे असलेले हे गाव आता नगरपंचायतीचे झाले आहे; गोदाकाठच्या या पट्ट्यात जायकवाडीच्या पाण्याने ऊस वाढवला, आणि उसाबरोबर बाजारपेठही वाढली. अशा गावांत गेल्या दोन-तीन दशकांत स्वयंअर्थसाहाय्यित इंग्रजी शाळांच्या पाट्या लागल्या. सकाळी पिवळ्या गाड्या वस्त्यावस्त्यांवरून मुले गोळा करू लागल्या. या गावांचा गावठाण भाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून जायला अर्धा तासही लागत नाही. तेथे कोणत्याही खासगी शाळेभोवती एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात जिल्हा परिषदेची शाळा सापडणारच. म्हणजे नियमात अपवाद म्हणून घातलेली सूट व्यवहारात सार्वत्रिक झाली असती, आणि मूळ कायद्याने दिलेला हक्क नियमाच्या एका परंतुकाने नाहीसा झाला असता. संसदेने केलेला कायदा राज्याचे नियम अशा रीतीने निष्प्रभ करू शकत नाहीत, हे उच्च न्यायालयाच्या निर्णयाचे सार होते.

मूळ कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमान्वये विनाअनुदानित शाळेने प्रवेशवर्गातील किमान पंचवीस टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांतील बालकांना द्यावयाच्या आणि त्यांचा खर्च शासनाने ठरलेल्या मर्यादेत शाळेला द्यावयाचा. संस्थाचालकांनी त्याला आव्हान दिले; १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. या कायद्यातील ‘सक्ती’ हा शब्द कोणाला उद्देशून आहे, हे विसरता कामा नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होता. २००९ च्या कायद्यातील सक्ती पालकावर नाही. ती शासनावर आहे.

शासनाच्या बाजूने

शासनाची बाजू सर्वस्वी पोकळ होती असे मात्र नव्हे. पहिला मुद्दा पैशाचा. शासनाने प्रतिपूर्तीची रक्कम प्रतिविद्यार्थी वार्षिक १७,६७० रुपये ठरविली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतील पाच मुले खासगी शाळेत गेली म्हणून तेथील शिक्षकाचे वेतन किंवा इमारतीची डागडुजी एका रुपयाने कमी होत नाही. प्रतिपूर्तीचा खर्च मात्र वाढतो. आपलीच शाळा ओस पाडण्यासाठी आपणच पैसे का मोजावेत, असा प्रश्न अर्थखात्याला पडला तर त्यात अस्वाभाविक काही नाही. दुसरा मुद्दा तत्त्वाचा. कोठारी आयोगाने १९६६ साली परिसरशाळेची कल्पना मांडली: एका परिसरातील श्रीमंत-गरीब, सवर्ण-दलित सर्व मुलांनी एकाच शाळेत शिकावे. ‘जवळच्या शाळेत जा’ असे सांगणारा नियम वरवर पाहता याच कल्पनेच्या जवळ जातो.

परंतु हे साम्य वरवरचेच आहे. कोठारी आयोगाची परिसरशाळा सर्वांसाठी होती. दुरुस्तीतील परिसरशाळा फक्त गरिबांसाठी होती. ज्याच्या खिशात फी आहे त्याला एक किलोमीटरचे, दहा किलोमीटरचे, कोणतेच बंधन नव्हते. ज्याच्या खिशात ती नाही, त्याच्यापुरतेच कुंपण घालण्यात आले होते. सर्वांना एकत्र आणण्यासाठी सुचविलेल्या तत्त्वाचा उपयोग वेगळे ठेवण्यासाठी झाला असता.

पैशाचा मुद्दाही आकड्यांपुढे टिकत नाही. राज्यात शालेय विद्यार्थ्यांची संख्या दोन कोटींहून अधिक आहे. पंचवीस टक्के तरतुदीखाली दरवर्षी उपलब्ध होणाऱ्या जागा सुमारे एक लाख; त्यांतल्याही काही रिकाम्या राहतात. आठ इयत्ता मिळून ही संख्या कितीही ताणली तरी आठ लाखांच्या फार पुढे जात नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट या मुलांनी घटवला नाही. तो घटवला फी भरून गेलेल्या मुलांनी. त्यांना कोणी अडविले नाही, अडविता येणारही नव्हते.

पालकांनी दिलेला कौल

पालकांना काय हवे आहे, याचा पुरावा २०२४ च्या प्रवेशप्रक्रियेनेच दिला. त्याआधीच्या वर्षी १,०१,८४६ जागांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले होते. दुरुस्तीनंतर शासकीय व अनुदानित शाळा यादीत आल्या, जागा आठ लाखांच्या वर गेल्या, आणि अर्ज लाखाच्याही खाली घसरले. स्थगितीनंतर जुन्या पद्धतीने प्रक्रिया पुन्हा सुरू होताच काही दिवसांतच सुमारे २ लाख ४० हजार अर्ज दाखल झाले. मागणीचा असा स्वच्छ कौल अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडतो.

हा कौल झोंबणारा आहे. आणि तो केवळ शासनाला झोंबावा असेही नाही. अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथात एक साधे निरीक्षण मांडले. संस्था घसरू लागली की माणसे एक तर ती सोडून जातात किंवा तक्रार करून ती सुधारायला लावतात. पण तक्रार करण्याची कुवत असलेलेच आधी सोडून गेले, तर घसरणाऱ्या संस्थेत आवाज उठवणारे कोणी उरत नाही. सार्वजनिक शाळेचे उदाहरण त्याने स्वतःच घेतले आहे. आपल्याकडे नेमके हेच घडले. तहसीलमधील कारकून, बँकेतील रोखपाल, बाजारपेठेतील आडत्या, आणि हेही म्हटले पाहिजे, खुद्द जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी, यांची मुले त्या शाळेतून केव्हाच बाहेर पडली. गळक्या छताविषयी गटशिक्षणाधिकाऱ्यांना जाब विचारू शकणारा पालक तेथे उरला नाही. सधनांनी आधीच वापरलेले दार आता शेतमजुरासाठी बंद केल्याने तो आवाज परत येणार नव्हता.

निवडीच्या मर्यादा

तथापि, निवड म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण, हेही तितकेच भ्रामक आहे. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ साली शिक्षणाच्या खर्चाचे कूपन पालकाच्या हाती देण्याची कल्पना मांडली. चिली देशाने १९८१ पासून ती राष्ट्रव्यापी प्रमाणावर राबवली. तेथे शाळांनी मुले निवडून घेतली, वरकड फी आकारली, आणि मुले कुटुंबांच्या ऐपतीनुसार वेगवेगळ्या शाळांत विभागली गेली. अखेर २०१५ साली ही निवड व वरकड फी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा करावा लागला. पालक शाळा निवडतो असे म्हणत असताना शाळाच पालक निवडू लागली होती.

आपल्याकडची पंचवीस टक्के तरतूद या दोषापासून सोडतीमुळे बरीच वाचली. पण सोडत म्हणजे न्याय नव्हे. तीन-साडेतीन अर्जांमागे एक जागा असेल, तर ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांच्याविषयी राज्याचे कर्तव्य संपत नाही. शिवाय सोडतीत अंतराला प्राधान्य आहे. खासगी शाळा बाजारगावात, आणि वस्ती-तांडा तिथून पाच-सात किलोमीटरवर. गणवेश, गाडीभाडे, वह्या यांचा खर्च वेगळाच.

त्याहून कठीण स्थिती ऊसतोड कामगाराच्या मुलाची. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. शैक्षणिक वर्षाचा निम्म्याहून अधिक काळ ज्याचे घरच फडावर असते, त्याला एक किलोमीटरच्या आतली शाळा काय आणि बाहेरची काय? त्याला हवे आहे चांगले चालणारे हंगामी वसतिगृह आणि गावी थांबता येईल अशी व्यवस्था. खासगी शाळेतील राखीव जागा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचू शकते ती फक्त सार्वजनिक शाळा.

मराठवाड्याला ‘खासगी शाळा’ या शब्दाचा तिटकारा वाटण्याचे कारण नाही. निजामी राजवटीत मातृभाषेतील शिक्षणासाठी येथल्या माणसांनी पदराला खार लावून शाळा उभ्या केल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी ही त्यांतली नावे, आणि स्वामी रामानंद तीर्थ दोन्ही ठिकाणी शिक्षक होते. त्या शाळा खासगी होत्या, पण त्यांचे दार गावासाठी उघडे होते. पंचवीस टक्क्यांची तरतूद आजच्या खासगी शाळेकडून त्याच परंपरेचा एक चतुर्थांश मागते. ही मागणी अवाजवी नाही. मात्र शासनाने प्रतिपूर्तीची रक्कम वर्षानुवर्षे थकवायची, कोविडच्या काळात ती आठ हजारांवर आणायची, आणि संस्थाचालक नाराज आहेत म्हणून हक्कच आवरता घ्यायचा, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही.

म्हणून कर्तव्ये दोन आहेत, आणि एकाच्या सबबीवर दुसरे टाळता येणार नाही. प्रतिपूर्ती वेळेवर द्यावी आणि राखीव जागा अबाधित ठेवाव्यात, हे पहिले. शिक्षकांची रिक्त पदे भरून, संचमान्यतेत पटाबरोबर अंतर आणि स्थलांतर यांचाही विचार करून जिल्हा परिषदेची शाळा अशी करावी की पालकाने ती नाइलाजाने नव्हे, आवडीने निवडावी, हे दुसरे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे तक्रार मांडली होती, ती रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही. त्याला आता शतकाहून अधिक काळ लोटला. रयतेच्या मुलाला चांगली शाळा देता येत नसेल, तर निदान ती शोधायला निघालेल्या मुलाच्या वाटेत राज्याने कुंपण घालू नये.