काका, झालं का?

बालमित्रांनो, सायकलच्या दुकानात जाऊन "काका, एक ट्यूब द्या" म्हटलं, की काका मागे वळतात, फळीवरचं खोकं काढतात, आपण पैसे देतो आणि काम झालं! पण काही वस्तू फळीवर नसतातच. आजोबांच्या सायकलचा मोडका क्लॅम्प, कधीच बंद झालेल्या मॉडेलचा एखादा बुश, नाहीतर एकाच मुलाच्या गरजेचं वेगळं पेडल. अशा वेळी दुकानदार डोकं खाजवतो आणि म्हणतो, "हे बनवून घ्यावं लागेल."

विकत घेणं आपल्या सगळ्यांना येतं. बनवून घेणं मात्र शिकावं लागतं, आणि ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. म्हणून आजचा तास त्यासाठी.

सीबीडी बेलापूर म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांपुढे कोकण भवन, सिडको भवन आणि बँकांच्या उंच इमारती येतात. पण ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भे, पावणे, महापे, रबाळे असं जात राहा. ही टीटीसी औद्योगिक वसाहत. टीटीसी म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक, ठाण्याच्या खाडीपलीकडची. तिथे मोठमोठ्या कंपन्यांच्या आडोशाला छोटे छोटे गाळेही आहेत. आत एक लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर, तेलाचा वास, एक काका आणि फार तर एक मदतनीस. लोखंडाला हवा तो आकार देणारी ही माणसं.

अशाच एका गाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी गेला होता. तो आता नववीत आहे. आपण त्याला नुसतं 'दादा' म्हणू. त्याच्या धाकट्या बहिणीचा उजवा पाय जन्मापासून थोडा आखूड. सगळ्या मैत्रिणी सायकल शिकल्या, हिचा मात्र उजवा पाय पेडलपर्यंत पोचेना. सीट खाली केली तर डावा गुडघा हँडलला लागे. ती रडायची नाही. "मला नाहीच आवडत सायकल," एवढंच म्हणायची. दादाला खरं काय ते कळत होतं. त्याने ठरवलं, पेडलवर बसवायला एक उंच ठोकळा करून घ्यायचा.

तो गाळ्यात गेला आणि म्हणाला, "काका, लोखंडाचा एक ठोकळा पाहिजे. एवढा." आणि दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. काकांनी विचारलं, "कशाला?" तो म्हणाला, "सायकलला." झालं! चार दिवसांनी ठोकळा मिळाला. चांगला गुळगुळीत, पण जड. त्याची भोकं पेडलच्या भोकांवर बसेनात. तारेने बांधून पाहिला, तर वजनाने पेडल गर्रकन उलटं झालं आणि ठोकळा खाली लटकला. त्यावर पाय ठेवणार कसा?

आता सांगा, यात काकांची काय चूक? त्यांनी मागितला तसा ठोकळा दिला. बहीण, तिचा पाय, फिरणारं पेडल यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून बनवून घेण्याचा पहिला धडा: वस्तू कशी हवी ते सांगाच, पण ती कशासाठी हवी ते आधी सांगा. डॉक्टरांकडे गेल्यावर आपण "लाल गोळी द्या" म्हणत नाही, "पोट दुखतंय" म्हणतो. तसंच हे.

दादा पुन्हा गेला, या वेळी सगळं सांगितलं. काका हातातलं काम ठेवून म्हणाले, "अरे, हे आधी नाही का बोलायचं? तिला घेऊन ये." छोटी आली, सायकलवर बसली. काकांनी पट्टीने माप घेतलं आणि म्हणाले, "लोखंड नको. अ‍ॅल्युमिनियमचा करू, आतून पोकळ. वर पट्टा लावू, म्हणजे पाय निसटणार नाही. आणि खालच्या बाजूला थोडं वजन देऊ, म्हणजे पेडल उलटणार नाही." तेवढ्याच आकाराच्या लोखंडापेक्षा अ‍ॅल्युमिनियमचं वजन साधारण एक तृतीयांश भरतं. ही युक्ती दादाला सुचली असती का? ती काकांच्या अनुभवाच्या पोतडीतली. पण पोतडी उघडायला आपण तोंड उघडावं लागतं.

दुसरा धडा मापाचा. 'एवढा' आणि 'साधारण' ही मापं नव्हेत. कागदावर चित्र काढा आणि लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये लिहा. जुना तुकडा असेल तर नमुना म्हणून सोबत न्या. सायकलच्या बाबतीत तर हे फारच जरुरीचं. '२६ इंची टायर' म्हटलं की काम भागलं असं आपल्याला वाटतं. पण २६ × १ ३/८ लिहिलेला टायर ५९० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, आणि गिअरच्या जाड टायरच्या सायकलींचा २६ इंची टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर. दोघांचं नाव २६, फरक ३१ मिलिमीटरचा! पेडलचंही तसंच. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे, पण डाव्याचे उलटे असतात, म्हणजे ते घट्ट करायला डावीकडे फिरवावं लागतं. पाय मारता मारता पेडल आपोआप सुटू नये म्हणून ही सोय. तेव्हा "पेडलचा दांडा करून द्या" एवढंच सांगून आलात आणि डावा की उजवा ते सांगितलं नाहीत, तर मेहनत वाया जायची शक्यता निम्मी!

मापाच्या चित्राची गोष्ट निघाली, की मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. त्यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातला. चित्रकार व्हायला ते मुंबईला आले, पण काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नसे. मग त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची चित्रं काढण्याची विद्या धरली. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते ती शिकवूही लागले. आणि १८८८ साली त्यांनी धंदा सुरू केला तो कशाचा? सायकलींचा! मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बेळगावला बंधू रामूअण्णांनी त्या विकायच्या. तेव्हा आपल्याकडे सायकली बनत नव्हत्या, त्या विलायतेहून बोटीने येत.

पुढे याच लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवला. नांगर उत्तम होता, पण लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांना भीती वाटे. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपण गिऱ्हाईक म्हणून दोन आठवडे थांबताना कुरकुरतो. इथे बनवणारा माणूस गिऱ्हाइकाची वाट पाहत दोन वर्षं थांबला. १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर त्यांनी कारखाना हलवला. तीच आजची किर्लोस्करवाडी.

बेळगावच्या या दोन भावांसारखेच आणखी दोन भाऊ तिकडे अमेरिकेत होते. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. त्यांचंही डेटन गावात १८९२ पासून सायकलचं दुकान. पुढे ते स्वतःच्या सायकली हाताने बनवून विकू लागले. विमान उडवायचं ठरल्यावर त्यांना हलकं इंजिन हवं होतं. डिसेंबर १९०२ मध्ये त्यांनी इंजिन बनवणाऱ्या अनेक कंपन्यांना पत्रं लिहिली. त्या पत्रांत 'एक चांगलंसं इंजिन पाठवा' असं नव्हतं. साधारण ८ अश्वशक्ती हवी आणि वजन १८० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ८२ किलोंच्या वर नको, असं त्यांनी नेमकं कळवलं. कुणालाच ते जमेना. मग दुकानातला कारागीर चार्ली टेलर पुढे झाला. राइट बंधू कागदाच्या कपट्यावर एकेका भागाचं चित्र काढून देत, चार्ली ते समोर टांगून लेथ चालवी. सहा आठवड्यांत इंजिन तयार! सांगाडा कशाचा? अ‍ॅल्युमिनियमचा. आपल्या छोटीच्या ठोकळ्यासारखाच.

पण पुढची गंमत ऐका. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणी घेताना तो सांगाडा फुटला. नवा ओतून यायला एप्रिल उजाडला. नोव्हेंबरात पंखे फिरवणारा दांडा तडकला. ऑर्व्हिल आगगाडीने घरी गेला, नवे दांडे बनवले आणि ११ डिसेंबरला परत हजर झाला. १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान उडालं. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं! त्या १२ सेकंदांमागे थांबण्याचे किती दिवस होते, मोजा बरं.

आता आपल्या दादाकडे वळू. काका म्हणाले होते, "आठ दिवसांत देतो." नवव्या दिवशी दादाने फोन केला, "काका, झालं का?" "नाही रे." दुपारी पुन्हा, "काका, झालं का?" संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी काकांनी फोन उचलणंच सोडलं. दादा रागावून गाळ्यावर गेला. काका शांतपणे म्हणाले, "बाळा, प्रत्येक फोनला मशीन बंद करावं लागतं. हात तेलाने माखलेले असतात. तुझे आठ फोन म्हणजे माझा अर्धा तास गेला, आणि तो तुझ्याच कामातला गेला."

मग त्यांनी उशिराचं कारण सांगितलं. एकाच नगासाठीसुद्धा मशीनची पूर्ण मांडणी करावी लागते. कापायला पाच मिनिटं लागतात, पण मांडायला तास जातो. ज्या कंपनीच्या कामावर गाळ्याचं भाडं निघतं, तिचं काम मागे टाकता येत नाही. प्लेटिंग किंवा रंग दुसरीकडे होतो, आणि तो माणूस दहा जणांचा माल साठल्यावर एकदम काम काढतो. शिवाय मनाजोगता पट्टा अजून मिळालेला नव्हता. यात फसवाफसवी कुठेच नव्हती. फक्त दादाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

इथे माझं काकांनाही सांगणं आहे. गिऱ्हाईक लहान असलं तरी त्याची वाट पाहणं लहान नसतं. उशीर होणार असेल तर "पट्टा मिळाला नाही, पुढच्या बुधवारी या" एवढं एक वाक्य कळवलं, तर समोरच्याचा अर्धा राग तिथेच विरतो.

दोघांनी मग एक ठरवलं. दादाने रोज विचारायचं नाही. रविवारी संध्याकाळी मोबाइलवर एकच निरोप पाठवायचा, आणि तोही "झालं का?" असा नाही. "पट्टा मिळाला का? माझ्याकडून काही हवंय का?" असा. फरक कळला ना? पहिल्या प्रश्नाचं उत्तर फक्त हो किंवा नाही. दुसऱ्या प्रश्नाने काम पुढे सरकतं. खरोखरच, दादाच्या बाबांच्या जुन्या बॅगेचा पट्टा उपयोगी पडला!

सांगितलेल्या तारखेनंतर अकरा दिवसांनी ठोकळा आला. दादाने तो तिथेच सायकलला लावून पाहिला, उरलेले पैसे दिले. आर्टिस्ट व्हिलेजच्या अंगणात छोटी त्या दिवशी तीनदा पडली आणि चौथ्यांदा मोगऱ्याच्या कुंडीपर्यंत गेली. काकांना तिचा फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "पट्टा थोडा सैल दिसतोय. घेऊन या."

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलांना थांबायला शिकवू या, पण निमूटपणे फसायला नको. काम देताना साध्या चिठ्ठीवर वस्तू, माप, किंमत, आगाऊ दिलेली रक्कम आणि तारीख लिहून घ्या. एक प्रत तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. मधेच विचार बदलला तर लगेच कळवा. कापलेलं लोखंड परत जोडून मिळत नाही. तारीख उलटून गेली, विचारूनही उत्तर येईना, तर मुलाला एकट्याला भांडायला पाठवू नका. सोबत जा, नवी तारीख मागा, तीही टळली तर आगाऊ रक्कम मागा. त्यानेही भागलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे ती चिठ्ठीच उपयोगी पडते. बहुतेक वेळा मात्र इतक्या लांब जावं लागत नाही. नीट बोललं, की काम होतं.

या आठवड्याचा उद्योग

आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या सायकलजवळ एक ओलं फडकं घेऊन बसा. टायरची बाजू पुसा आणि तिथले आकडे वहीत उतरवा. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या तारा मोजा. दोन्हीकडे सारख्याच आहेत का? मग सायकलचा कुठलाही एक भाग निवडा. तो समोरून आणि बाजूने कसा दिसतो ते काढा आणि सगळी मापं मिलिमीटरमध्ये लिहा. आता ते चित्र ती सायकल न पाहिलेल्या मित्राला द्या आणि विचारा, "एवढ्यावरून तू हा भाग पुठ्ठ्याचा करू शकशील का?" त्याने चार प्रश्न विचारले, तर रागावू नका. ते चार प्रश्न म्हणजे तुमच्या चित्रात राहून गेलेल्या चार गोष्टी. त्या भरा आणि पुन्हा द्या.

आणि हो, त्याला पुठ्ठा कापायला पुरेसा वेळ द्या. दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारायचं नाही!