कांचळीची किंमत

मण्यांचे काम म्हटले की आपल्याला आठवते ते दारावरचे तोरण, फार तर रुखवतातली बदके. मोहोळला माझी मावसबहीण राहते. तिच्या दारावर असे एक तोरण आहे आणि त्याचे कौतुक केल्याशिवाय तिच्याकडे चहा मिळत नाही! पण खरे मणीकाम मी पाहिले ते तिथल्या बाजारात, कांद्याच्या ढिगामागे बसलेल्या एका लमाणी आजीच्या अंगावर.

सोलापूर जिल्ह्यात लमाणांचे, म्हणजे बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हे लोक देशभर हिंडत. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. बायकांच्या अंगावरचा ऐवज मात्र राहिला. आजीचा फेटिया, म्हणजे घागरा, आरशांनी भरलेला होता. कांचळीवर काचेचे मणी, जुनी नाणी आणि काठाला कवड्या. कवडीची पाठ घासून सपाट करतात, तेव्हा ती कापडावर नीट बसते आणि तिच्यातून दोरा जातो. कवडी आपल्याला परकी नाही. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यात आपण तिची माळ पाहतोच. कानशिलाशी केसांत लोंबणारी घुगरी हे या बायकांचे सौभाग्यलेणे. आपल्याकडच्या काळ्या मण्यांसारखेच.

"आजी, ही कांचळी विकायची का?" असे शेजारच्या एकाने सहज विचारले. आजी म्हणाली, "न्हाई बाबा. माझ्या आईनं दिलीया. सुनंला देवावी, तर ती घालत न्हाई. लोक हसत्यात म्हनती."

वाचकहो, त्या सुनेला मी दोष देणार नाही. हसणारे आपणच. आणि आपणच शहरातल्या प्रदर्शनात 'बंजारा पर्स' हौसेने घेतो. जुन्या कांचळ्या, फेटिये विकत घेऊन व्यापारी त्यांचे तुकडे करतात आणि पिशव्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर शिवतात. पर्सवरचा कशिदा कडेला अर्धवट कापलेला दिसला, तर ते कुणाच्या तरी अंगावरचे वस्त्र होते असे खुशाल समजावे. ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवे काम करणाऱ्या बायका आहेत की! कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २०२३ साली हंपीला जी-२० ची बैठक भरली, तेव्हा तिथे लमाणी भरतकामाच्या सतराशेहून अधिक वस्तू एकत्र मांडल्या गेल्या आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. त्या वस्तू नव्याने शिवलेल्या. कुणाच्या आजीची पेटी रिकामी करावी लागली नाही. त्यांची किंमत सांगितली की आपण निम्म्यावर येतो, ही गोष्ट वेगळी.

मोहोळच्या आजीच्या नातीने संडूरचे काम फोनवर पाहिले आणि ती मोबाईलच्या पिशव्या शिवू लागली. मणी प्लॅस्टिकचे, दोरा नायलॉनचा. आजीला ते मुळीच पसंत नाही. "ह्ये मनी वाजत न्हाईत," म्हणते. नात ऐकत नाही. तिला महिनाअखेर चाळीस नग पुरे करायचे आहेत.