देवाची भीती गेली की नीती जाते?

"देवधर्म मानला नाही तर माणूस बेताल होईल." हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले आहे. आमच्या घरात मूर्ती नाही, नवस नाही, उपास नाही असे सांगितले की समोरचा लगेच विचारतो, "मग तुम्हाला वाईट वागण्यापासून अडवतो कोण?" असे विचारताना तो स्वतःबद्दलच कबुली देऊन बसतो. वरून कोणी पाहत नसते तर मी चोरी केली असती, असेच तो सांगत असतो. अशा माणसाला आम्ही नीतिमान म्हणत नाही, पहाऱ्यातला माणूस म्हणतो. पहारा उठला की त्याची नीतीही उठते.

पण केवळ चिमटा काढून हा प्रश्न सुटत नाही. धर्माशिवाय नीती असू शकते का, या प्रश्नाचे उत्तर आंबेडकरी तरुणाकडे पक्के असले पाहिजे. आपण धर्म नाकारला, धम्म स्वीकारला, असे आपण अभिमानाने सांगतो. मग या दोहोंत फरक काय, हेही सांगता आले पाहिजे.

प्रथम इतिहासाला विचारू. देवाच्या भीतीने माणूस नीतिमान होतो हा दावा खरा असेल तर महाडला काय घडले? मुंबई कायदेमंडळात १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी त्या तळ्याचे पाणी प्यायले तेव्हा त्यांच्यावर लाठ्या चालल्या. त्यानंतर शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. लाठ्या चालवणारे आणि मंत्र म्हणणारे नास्तिक होते काय? ते रोज स्नानसंध्या करणारे, देवाला भिणारे लोक होते. त्यांनी धर्म मोडला नव्हता, धर्म पाळला होता. तिथे माणुसकीचा खून धर्मपालनातून झाला. म्हणून २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याच महाडमध्ये मनुस्मृती जाळावी लागली.

आता पुण्यात या. एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय विधवेला पुनर्विवाह धर्माने नाकारला होता. घरातल्याच कुणी तिच्यावर अत्याचार केला आणि तिला दिवस गेले तर तिच्यापुढे दोनच वाटा उरत. एक तर स्वतः मरायचे, नाही तर बाळाला मारायचे. अशा वेळी १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. इथे या, बाळंत व्हा, मूल इथेच ठेवा, असे त्यांनी या बायकांना सांगितले. पुढे अशाच एका ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी दत्तक घेतले. तोच यशवंत. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये मायलेकांनी रोग्यांची सेवा केली आणि त्याच सेवेत सावित्रीबाईंचा मृत्यू झाला. ज्या मुलाला जगायचा हक्क धर्मरूढीने नाकारला, त्याने लोकांचे प्राण वाचवले. यात नीतीच्या बाजूने कोण होते? शास्त्राधार दाखवणारे, की शास्त्र बाजूला सारून बाळाला कुशीत घेणारे?

जोतिराव निर्मिक मानत होते, हे आम्ही लपवत नाही. पण त्यांच्या निर्मिकाचा कोणी दलाल नव्हता आणि कोणताही ग्रंथ ईश्वरदत्त म्हणून त्यांनी स्वीकारला नाही. धर्माचा आदेश काय आहे यापेक्षा माणसाशी न्यायाने वागलो की नाही, हे ते पाहत.

बाबासाहेबांनी हाच विचार पुढे नेला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात त्यांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला. नियम सांगतो की अमुक कर, तमुक करू नकोस. तत्त्व आपल्याला विचार करायला लावते आणि कृतीची जबाबदारी आपल्यावर टाकते. नियमांच्या धर्मात माणूस जबाबदार राहत नाही. 'शास्त्रात लिहिले आहे' म्हटले की तो मोकळा होतो. गावात बहिष्कार टाकणारा हेच तर म्हणतो की पूर्वापार चालत आले आहे, आम्ही काय करणार? ज्या कृतीची जबाबदारी घ्यायची नाही, ती नैतिक कशी असेल?

त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रकाशित झालेल्या बुद्ध आणि धम्मावरील ग्रंथात ते आणखी पुढे जातात. धर्मात नीती ही आगगाडीला जोडलेल्या डब्यासारखी आहे, गरज पडली की जोडावी, नको असली की सोडावी, असे त्यांचे म्हणणे आहे. धर्माच्या केंद्रस्थानी देव, आत्मा, प्रार्थना, कर्मकांड असते. धम्मात मात्र देवाच्या जागी नीती आहे. ती काढली तर मागे काही उरतच नाही.

बुद्धांनी कालामांना हेच सांगितले होते. केसपुत्तचे कालाम लोक गोंधळले होते. येणारा प्रत्येक आचार्य आपलेच मत खरे म्हणत होता. बुद्धांनी त्यांना परंपरेवर, ग्रंथावर किंवा गुरूच्या शब्दावर विसंबू नका असे सांगितले. लोभ, द्वेष आणि मोह यांनी माणसाचे भले होते की बुरे, हे तुम्हीच तपासा. त्यांचा पुढचा मुद्दा तर आजही बिनतोड आहे. परलोक असेल तर सदाचारी माणसाचे तिथे भले होईल. परलोक नसेल तरी तो याच जगात निर्वैर आणि निश्चिंत जगेल. म्हणजे स्वर्ग आणि नरक काढून घेतले तरी नीती जागची हलत नाही.

आता विरोधकांचा सर्वांत मजबूत आक्षेप घेऊ. ते म्हणतात, "देव न मानणाऱ्या राजवटींनीही लाखो माणसे मारली, त्याचे काय?" आक्षेप खरा आहे. स्टालिनच्या रशियात ते घडले. म्हणूनच देव नाकारला की माणूस आपोआप नीतिमान होतो, असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनीही ते कधी म्हटले नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली तेव्हा दुःख आणि शोषण संपवण्याचे ध्येय त्यांनी मान्य केले, पण हिंसा आणि हुकूमशाही हा मार्ग नाकारला. माणसाचे मन बदलल्याशिवाय व्यवस्था टिकत नाही, हा त्यांचा आग्रह होता.

दुसरा प्रश्न आपलेच तरुण विचारतात. "नीतीला धर्म लागत नाही, तर १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा कशासाठी? संविधान पुरेसे नव्हते काय?" याचे उत्तर नीट समजून घ्या. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट झाली. १९५५ चा कायदा आला, १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आला. तरीही महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. कायदा गुन्हेगाराला पकडतो, पण गुन्हा घडताना पाहणाऱ्या शंभर जणांना बोलायला लावत नाही. ते काम सदसद्विवेकाचे आहे. संवैधानिक नीती ही उपजत भावना नसते, ती जोपासावी लागते, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावले होते. ती जोपासायची कुठे? घरात, विहारात, वस्तीत. दीक्षा त्यासाठी होती. नीतीला देव लागत नाही, पुरोहित लागत नाही. पण तिला रोजचा सराव लागतो आणि सोबत चालणारा संघ लागतो.

पंचशीलाकडे पाहा. त्यात कोणाची आज्ञा नाही. 'समादियामि' म्हणजे मी स्वतः स्वीकारतो. शिक्षा करणारा कोणी नाही, पाप धुऊन देणारा कोणी नाही. म्हणून ते पाळणे सोपे नाही, अधिक कठीण आहे.

नीतीची खरी कसोटी एकच आहे. ती सर्वांना सारखी लागू होते का? टोळीतल्या चोरांतही आपसांत इमान असते. जातीतही आपल्या माणसाला मदत करण्याची नीती असते. पण ती कुंपणापाशी संपते. कुंपणापाशी संपणारी नीती ही नीती नसून गटाचा स्वार्थ आहे.

ही कसोटी दुसऱ्याला लावताना आपल्यालाही लागते. मुलामुलींच्या लग्नात पोटजात शोधणारा, वरमाईच्या मानपानासाठी मुलीच्या बापाला कर्जात लोटणारा, जयंतीच्या मिरवणुकीत दारू पिऊन पाचव्या शीलाची थट्टा करणारा माणूस मूर्तीपुढे हात जोडत नसेल, पण त्याने धम्माचा पुन्हा धर्म केला आहे. त्याने प्रतिमा ठेवली आणि डबा सोडून दिला. अशांना वस्तीतच, तोंडावर विचारले पाहिजे. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावून भागणार नाही. प्रत्येक विहारात महिन्यातून एकदा तरी बसा. आपल्या वस्तीत कोणाचा छळ चालला आहे, कोणाच्या लग्नात जात आडवी आली, कोणत्या बाईला मारहाण होते, यावर बोला आणि तिच्या पाठीशी उभे राहा. वंदनेनंतरचा हा अर्धा तास कोणत्याही प्रवचनापेक्षा मोलाचा ठरेल.

यापुढे कोणी विचारले की देव नाही तर तुम्हाला अडवतो कोण, तर सांगा: समोरचा माणूस. त्याला माझ्याइतकेच दुःख होते, हे मला कळते. ते कळायला कोणत्याही देवाची गरज नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!