गाळलेल्या जागा भरा



गेल्या महिन्यात औषधाच्या एका दुकानाकडून आमच्या फोनवर हिब्रू संदेश आला. त्याचा अर्थ असा : 'शालोम ३४०, आपले औषध तयार आहे.' आमची किंमत तेवढीच ठरली म्हणावयाची!

मंडळाचे संगणकाचे काम पाहणाऱ्या तरुणाने उलगडा केला. असे संदेश कोणी बसून लिहीत नाही. मसुदा एकच असतो. त्यात नाव, रक्कम, तारीख यांच्या जागा मोकळ्या ठेवतात. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक मसुद्यात तेथे दुहेरी महिरपी कंसांत १, २ असे क्रमांक घालता येतात व यंत्र यादीतून त्याच क्रमाने मजकूर भरते. क्रम चुकला की नावाच्या जागी शेकेल येऊन बसतात. आमच्या वर्गातील 'गाळलेल्या जागा भरा' हाच प्रश्न, मात्र विद्यार्थ्यास अर्थ ठाऊक नाही.

हाच तरुण मंडळाच्या निमंत्रणाचा मराठी मसुदा तपासून घ्यावयास आला. त्याने कंसाला चिकटून 'ला' हा प्रत्यय लावला होता. म्हणजे ऐंशी वर्षांच्या शेगुलाबाईंचा उल्लेख 'शेगुलाबाईला' असा एकेरी झाला असता! आमच्या वडीलधाऱ्यांनी छापील लग्नपत्रिकेत ही अडचण केव्हाच सोडविली होती : 'श्री. ........ यांस'. नाव जसेच्या तसे राहते आणि मान 'यांस' सांभाळतो. हिब्रूत 'प्रिय' हा शब्दही स्त्रीपुरुषांस निराळा, म्हणून यादीत त्याचा वेगळा रकाना हवा. मराठीत 'आपण यावे' उभयतांस चालते. नाव नसेल तेथे 'सन्माननीय सभासद' येईल अशी तजवीज करावी, आणि पहिला संदेश स्वतःलाच पाठवून पाहावा.

खरे काम यादीचे निघाले. कोणी कळविल्यावाचून यंत्रास मृत्यूची वार्ता कळत नाही. मागे एका भगिनीस दिवंगत पतीच्या नावे वाढदिवसाची सवलत आली. तो दिवस त्यांनी कसा काढला, ते आम्ही पाहिले आहे. म्हणून तीन वयस्कर भगिनींना घेऊन आम्ही एक संध्याकाळ यादी वाचीत बसलो. प्रत्येक नाव खोडताना कोणीतरी त्या माणसाची एखादी आठवण सांगे, त्यामुळे वेळ फार लागला. एका नावापाशी मतभेद झाला. दोघी म्हणाल्या, ते गेले. तिसरी म्हणे, दिमोनाला मुलाकडे आहेत. खोडण्यापूर्वी आम्ही फोन लावला.

फोन त्यांनी स्वतःच उचलला आणि विचारले, "यंदाचे निमंत्रण अजून कसे आले नाही?"