फोटो छान आहे, पण आजचा इशारा काय?

मंडळी, जानेवारी लागला की आपल्या घराघरांतल्या ग्रुपवर गुलमर्गचे फोटो यायला लागतात. पूर्वी इंदूर-ग्वाल्हेरकडची मराठी कुटुंबं काश्मीरला जायची ती शिकारा, केशर आणि बर्फाचे दोन गोळे मारण्यापुरती. आता पोरं-पोरी स्की करतात, आणि तेही आखलेल्या उताराच्या बाहेर, जिथे कोणाचा माग उमटलेला नसतो. हौसेला माझा विरोध नाही. पण आपण फोनवर विचारतो काय? "स्वेटर घातलास ना? जेवलास ना?" एवढ्यावर भागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगरावर जवळजवळ 4,000 मीटर उंचीपर्यंत नेऊन सोडतो. चढायचे कष्ट नाहीत, त्यामुळे धोकाही कमी वाटतो. ठरलेल्या भागावर गस्त असते; त्याबाहेर गेलं की तुमचं तुम्ही. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथे पोलंडचे दोन स्कीपटू हिमस्खलनात गेले, फेब्रुवारी 2024 मध्ये रशियाचा एक. त्याआधी फेब्रुवारी 2010 मध्ये खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे लष्कराचे 17 जण बर्फाखाली गेले. शिस्तीत राहणाऱ्या लष्करालाही बर्फ सोडत नाही, मग आपण कोण?

बर्फ एकसारखा दिसतो, पण आतून थरांचा असतो. कडाक्याच्या थंडीत खालच्या थराचे जाड साखरेसारखे सुटे दाणे होतात. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो एका बाजूला नेऊन रचतो आणि घट्ट लादी तयार होते. 30 ते 45 अंशांच्या उतारावर माणूस गेला की त्याच्याच वजनाने ती लादी सुटते. म्हणजे बहुतेक वेळा हिमस्खलन अंगावर "येत" नाही, आपणच ते सोडतो. आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतरचा पहिला निळ्या आभाळाचा दिवस, ज्याचे फोटो सगळ्यात सुंदर, तोच बऱ्याचदा सगळ्यात घातकी.

धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. तिसरी ऐकून वाटतं, मधलीच तर आहे. पण युरोपात सर्वाधिक बळी तिसऱ्या पायरीच्याच दिवशी जातात, कारण चौथी-पाचवी असली की लोक घरी बसतात.

आपल्याकडे महेश्वरला नर्मदेच्या घाटावर जुनी माणसं आधी नावाड्याला विचारायची. तो म्हणाला "आज नको", की नको. पाणी वरून कितीही शांत दिसो, त्याच्याशी हुज्जत नाही. तिथल्या गाईडशी मात्र आपली मुलं हुज्जत घालतात: पैसे भरलेत, उद्याचं फ्लाइट आहे. हा ग्राहकपणा डोंगरावर चालत नाही. गाईड "नाही" म्हणतो ना, त्याचेच आपण पैसे भरलेले असतात.

काही घरांत यावर उपाय म्हणजे सरळ बंदी. मला ते पटत नाही. बंदी घातली की मुलं जायची थांबत नाहीत, सांगायची थांबतात. त्यापेक्षा विचारा: आजचा हिमस्खलनाचा इशारा कितवा? सोबत कोण आहे? प्रत्येकाकडे बीकन, शोधकाठी आणि फावडं आहे का, आणि ते वापरायचा सराव केलाय का? धोक्याच्या उतारावर एकेकटे उतरणार की घोळक्याने? गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचायची आशा चांगली असते, नंतर ती झपाट्याने घटते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही, सोबतीच खणतात.

आणि पोरगं एखाद्या दिवशी न उतरता परत आलं, तर "एवढे पैसे वाया घालवलेस" म्हणू नका. "बरं केलंस" म्हणा. हे एक वाक्य आपल्या घरांत रुळलं, तर पुढच्या वेळी वळून यायला त्याला लाज वाटणार नाही.

तुमच्या घरातलं कोणी यंदा जाणार असेल, तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत जाऊ दे.