जुनी बस की नवी?

अमेरिकेत निवृत्त प्रवासी बस विकत घेऊन, तिच्यातील आसने काढून, चूल, बिछाने व न्हाणीघर बसवून फिरते घर करणारे पुष्कळ हौशी लोक आहेत. जुनी घडण बरी की नवी, हा त्यांच्यातील वाद कधी मिटत नाही. आमचा कौल जुन्या घडणीला आहे.

जनरल मोटर्सची १९५३ ते १९६० या काळातील 'पीडी-४१०४' पाहावी. लांबी ३५ फूट. रिबिटांनी जोडलेला ॲल्युमिनियमचा पत्राच गाडीचा भार वाहतो. छत मात्र ठेंगणे. म्हणून काही जण खिडक्यांचे खांब कापून छपर उंच करतात. त्याने मूळचा डौल बिघडतो खरा. पण उंच गृहस्थास जन्मभर मान वाकवून राहा, असे सांगणारे आम्ही कोण?

'प्रेव्हो एच३-४५' ही नवी बस ४५ फुटी व प्रशस्त. काहींच्या भिंती तर कळ दाबताच बाहेर सरकतात! परंतु तिचे दुखणे संगणक जोडल्यावाचून सहसा उमगत नाही. जुनीचे डिझेल इंजिन गोंगाट करते, तेल गाळते. तरी पाने घेऊन बसणाऱ्या मालकास त्याचा स्वभाव कळतो. आपले घर आपल्या हातांनी दुरुस्त करता यावे, एवढ्याचसाठी आम्ही जुनीचे पक्षपाती आहोत. मात्र घेणाऱ्याने आधी तिच्या पोटाखाली शिरून लोखंड गंजले आहे काय, ते पाहावे.