यंदा मोळी पडण्याआधी कोपीचा विचार करा : ऊस उत्पादक सभासदांना जाहीर आवाहन



सप्टेंबरच्या सुमारास आपापल्या कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा भरेल. त्याआधी अहवालाची पुस्तिका घरी येईल. गाळप, उतारा, डिस्टिलरी, वीजनिर्मिती, येणी-देणी सगळे तीत असेल. आपला ऊस तोडणारी माणसे हंगामभर राहतात कुठे, याबद्दल मात्र बहुधा एकही ओळ नसेल. या वर्षी ती ओळ आपण घालायला लावू, एवढ्यासाठीच हे आवाहन आहे.

ती कोपीत राहतात, हे आपण सगळे पाहतोच. बांबू वाकवून केलेला सांगाडा, त्यावर चटई, वरून ताडपत्री, बुडाला पाचट. वाकून आत शिरायचे आणि वाकूनच बाहेर यायचे. पहाटे तीन-चारला बाई कोयता घेऊन फडात जाते तेव्हा मागे कुलूप लावण्याचा प्रश्नच येत नाही, कारण कोपीला दार नसते. ज्वारीची गोणी, कपडालत्ता, झोपलेली लेकरे सगळे तसेच उघड्यावर टाकून जायचे. अंघोळ साडीच्या आडोशाला. संडासला अंधार असेपर्यंत उसाच्या कडेला. वयात आलेल्या मुलीला अशा जागी आणायचे कसे आणि गावाकडे एकटी ठेवायची कशी, या पेचात तिचे लग्न लवकर उरकले जाते. बालविवाहांवर भाषणे करणाऱ्यांनी या नसलेल्या दाराचाही हिशेब धरावा. शिवाय संगमनेर, अकोले, राहुरी, कोपरगाव या पट्ट्यात उसात बिबट्याचा वावर आहे. चुलीची ठिणगी पाचटावर पडली तर कोपी वाचवायला वेळ मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत नगरचा पारा दहाच्या खाली उतरतो, ते वेगळेच.

हा प्रश्न अहिल्यानगरइतका दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला लागू पडत असेल, असे आम्हाला वाटत नाही. आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून आपण प्रवरेचे नाव घेतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर तो उभा केला आणि 1950-51 मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला. आज कोपरगावापासून श्रीगोंद्यापर्यंत धुराडी दिसतात. त्याच जिल्ह्यातले पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके शेजारच्या बीडसारखेच दिवाळीच्या सुमारास रिकामे होतात. तोडणारा आपला आणि तोडून घेणाराही आपलाच. सहकाराने शेतकऱ्याला मालक केले, पण फडातल्या माणसाला तो उचल घेतलेला पाहुणाच समजत राहिला.

कायद्याची गंमत बघा. परराज्यातून आणलेल्या मजुराला राहायला योग्य जागा द्यावी, असे 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने सांगितले. बीडहून नगरला येणारा मजूर राज्याची हद्द ओलांडत नाही, म्हणून तो त्या कायद्यात बसलाच नाही. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. न्यायालयाने सांगेपर्यंत थांबायचे, की सभासदांनी आधी हलायचे, हे आपल्या हातात आहे.

आमची सूचना साधी आहे. एका कोयत्याला, म्हणजे एका जोडप्याला, एक जोडखोली, म्हणजे जोडून उभी करता येणारी आणि सुटी होणारी खोली. दहा बाय बाराची, उभे राहता येईल अशी. लोखंडी अँगलचा सांगाडा, नटबोल्टने बसणाऱ्या पॅनेलच्या भिंती, उताराचे छप्पर, आतून कडी आणि बाहेरून कुलूप लागेल असे दार, जाळीची खिडकी आणि एक सौर दिवा. हंगाम संपला, पट्टा पडला की खोली सुटी करून कारखान्याच्या गोदामात रचायची. दसऱ्याला पुन्हा काढायची. पाच खोल्यांमागे एक संडास आणि एक न्हाणी, तीही अशीच सुटी होणारी.

हे करायला बाहेरून कुणी यायला नको. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर, फिटर आहेत. उन्हाळ्यात-पावसाळ्यात ओव्हरहॉलिंग चालते, त्याच दिवसांत हे सांगाडे निघू शकतात. राहुरी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नागापूर एमआयडीसीत लोखंडकाम करणारे आहेत. बगॅसपासून बोर्ड बनतो हे तर कारखानदारांना सांगायला नको. तो ओल धरतो, म्हणून बाहेरच्या भिंतीला नको, पण आतल्या आडभिंतीला चालून जाईल.

बैलगाडीच्या टोळ्या कारखान्याच्या तळावर हंगामभर राहतात, त्यांच्यासाठी या खोल्या एका ओळीत उभ्या करता येतील. ट्रॅक्टरच्या टोळ्या मात्र फडामागे गावोगाव सरकतात. त्यांना चाकांवरची खोली लागेल. ओढायला ट्रॅक्टर टोळीबरोबर आहेच.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. टेंडर काढून पत्र्याचे कंटेनर आणून ठेवले की काम झाले, असे कुणी समजू नये. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्यांना चौक गावाजवळ कंटेनरच्या घरांत ठेवले. छप्पर तातडीने मिळाले, हे चांगलेच झाले. पण पक्की घरे मिळेपर्यंत वर्षाहून अधिक काळ त्या लोकांना पत्र्याच्या डब्यात काढावा लागला. त्याहून जुना धडा दिल्लीचा आहे. फाळणीनंतर निर्वासितांसाठी सरकारने 1948 मध्ये तयार घरांचा कारखाना काढला, पण त्याची हलकी काँक्रीटची पॅनेले तडकू लागली आणि तो पहिला प्रयोग फसला. म्हणून आधी चार-पाच खोल्याच करा. त्या ट्रॉलीत चढवा, खडबडीत रस्त्याने न्या, उतरवा, पुन्हा जोडा. फोमचे पॅनेल थंडी-ऊन अडवते, पण पेटले तर विषारी धूर सोडते. तेव्हा चूल बाहेरच्या पडवीत हवी, किंवा न पेटणारे पॅनेल हवे. अवकाळीच्या वादळात छप्पर उडू नये म्हणून सांगाडा जमिनीत नीट रोवलेला हवा. आणि दार कुठे, न्हाणी कुठे, हे टोळीतल्या बायांना विचारून ठरवा. मुकादमाला विचारून नको.

पैशाचे काय, हा प्रश्न सभेत उठेलच. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे कारखान्याने 10 रुपये आणि तेवढेच शासनाने द्यायचे ठरले आहे. 10 लाख टन गाळणाऱ्या कारखान्यामागे हे दोन्ही मिळून 2 कोटी रुपये होतात, आणि तेही दर हंगामाला. हा पैसा तळावर दिसला पाहिजे, असे आपण महामंडळाकडे आणि शासनाकडे मागू शकतो. आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच उसाच्या बिलातून कापला जातो. तो कापताना आपल्याला कुणी विचारत नाही, पण तो कशावर व्हावा हे विचारण्याचा हक्क आपलाच आहे.

आता हार्वेस्टर येत आहेत, मग घरे कशाला, असेही कुणी म्हणेल. आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या रानात, बांधाबांधांतून सगळीकडे यंत्र फिरेल तेव्हा फिरेल. आणि या खोल्या तेव्हाही वाया जाणार नाहीत. सप्टेंबर 2025 च्या पुरात याच जिल्ह्यात घरे पाण्याखाली गेली. पावसाळ्यात तोडणी कामगार गावाकडे असतो आणि खोल्या गोदामात असतात, नेमक्या त्याच दिवसांत पूरग्रस्तांना त्या लागतात. जिल्हा प्रशासनाने कारखान्यांशी तसा करार करून ठेवावा.

एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ही जोडखोली घरकुलाला पर्याय नाही. पाथर्डीतल्या कुटुंबाला त्याच्या गावात पक्के घर मिळालेच पाहिजे. ज्या पारधी, भिल्ल किंवा भटक्या कुटुंबांना जागेअभावी घरकुल अडले आहे, त्यांना आधी जागा द्यावी लागेल. त्यांच्या वाट्याला पत्र्याची खोली देऊन यादीतून नाव उडवायचा डाव कुणी टाकला, तर आम्ही त्याच्या विरोधात उभे राहू. ग्रामपंचायतींनाही एक विनंती : आपल्या हद्दीत टोळी उतरली की पाण्याचा टँकर आणि वीजजोड नाकारू नका. ती माणसे तुमच्याच गावचा ऊस तोडायला आलेली असतात.

सभेची विषयपत्रिका येण्याची वाट न पाहता आत्ताच ठराव लिहून द्या : “येत्या हंगामात किमान एका तळावर जोडखोल्या, संडास व न्हाणीची सोय करावी आणि तिच्या खर्चाचा तपशील वार्षिक अहवालात छापावा.” सूचक एक, अनुमोदक एक, दोन सह्या पुरतात. खासगी कारखान्याला ऊस घालत असाल तर हीच मागणी पत्राने व्यवस्थापनाला द्या. दिलेल्या कागदाची पोच मात्र शिक्क्यासह घ्या, आणि सभेच्या दिवशी ती खिशात घेऊन पुढच्या रांगेत बसा.

आपले,
जिल्ह्यातील काही ऊस उत्पादक सभासद